कुंकवाखालची ओळ

मंडळी, एक सांगा — आपण ज्याची पूजा करतो, ते कधी वाचतो का हो? पोथी फडक्यात गुंडाळून तिला फुलं वाहणारी माणसं आपण. मीही त्यातलाच!

ऐका. वाघेरवाडीच्या शाळेच्या भिंतीवर आपल्या संविधानाची उद्देशिका रंगवलेली. पोरं ती रोज बघून म्हणायची. आणि गाव मोठं भाविक! दर सव्वीस जानेवारीला पाच सवाष्णी त्या भिंतीला हळदकुंकू लावायच्या — तेलात कालवून, हात पोचेल तिथं! वर्षानुवर्षं एकाच जागी! चांगला बोटभर थर बसला.

नवे गुरुजी आले, हिंगमिरे. पहिल्याच सकाळी ऐकतात तर काय — ‘श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ झालं, की पोरं थेट ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’!

“अरे, मधली ओळ कुठाय?”

“गुरुजी, तिथं कुंकू आहे!”

काय होतं हो कुंकवाखाली? ‘दर्जाची व संधीची समानता’! अख्खी ओळ गडप — आणि गावात एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही!

त्या वर्षी वाचायचा मान चौथीतल्या सुमेधाला मिळाला. तिची आई गोदाबाई शाळेत खिचडी शिजवायची. नवरा गेलेला. म्हणून झेंड्याच्या दिवशी सगळं गाव मैदानात, आणि ही चुलीपाशी! पोरगी म्हणाली, “गुरुजी, मी वाचीन. पण माझी आई पुढं बसंल ना?” गुरुजींनी चुलीकडं बघितलं. म्हणाले, “बघू बाळा.”

दिवस उजाडला. सवाष्णी ताट घेऊन आल्या. गुरुजी म्हणाले, “यंदा कुंकू लावायचं नाही. पुसायचंय!”

अरे बाप रे! बाया दोन पावलं मागं! सरपंच रंगराव कडाडले, “कुंकू पुसायचं? आजच्या दिवशी? मग तुम्हीच पुसा!” गुरुजींनी फडकं उचललं — आणि हात तिथंच थांबला. घरची बायको आठवली! हसू नका, तुमचाही थांबला असता.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मी पुसते. माझं गावानं कवाच पुसलंय.”

गोदाबाई! हातात चुलीवरचं ओलं फडकं. बाई घासत राहिली, घासत राहिली... अक्षरं वर आली. “वाच, सुमे.” पोरगी वाचायला लागली, ‘दर्जाची... व संधीची...’ — आणि तिनं आईकडं बघितलं. पुढचा शब्द आईनंच लावला, एकेक अक्षर जोडून. स-मा-न-ता.

मंडळी, सवाष्णींतली थोरली कोण? रंगरावांची बायको! ती पुढं झाली, ताटातलं कुंकू घेतलं, आणि भिंतीला नाही — गोदाबाईच्या कपाळाला लावलं! हाताला धरून तिला पहिल्या रांगेत बसवलं.

टाळ्या नकोत! मघाशी मी इथून सगळं बघत होतो. कीर्तनाआधी हळदकुंकवाचं ताट फिरलं. त्या खांबाआड चार माऊल्या बसल्यात, तिथपर्यंत ते गेलंच नाही. आरती मी अजून सुरू करत नाही. बायांनो, उठा कुणीतरी. आम्ही थांबतो.