रद्दीत न गेलेला नकाशा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, नकाशा कार्यालयातले माझे आजी-माजी सहकारी, आणि गुडघे दुखत असतानाही पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या माझ्या सासूबाई,

माझ्या निवृत्तीच्या या समारंभात अध्यक्षांनी मघाशी मला 'शांत आणि आज्ञाधारक' म्हटलं. शांत, कबूल. आज्ञाधारक? तेवढं दुरुस्त करूनच घरी जाईन म्हणते.

अकरा वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका शाळेच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. दोन दिवस चालून, मग बसने. त्यांच्या दरीत धरण होणार होतं. नव्या नकाशात तिथे नुसतं जंगल. म्हणून सगळीकडे त्यांना एकच उत्तर मिळे, की तिथे वस्तीच नाही, तुम्ही कालपरवा घुसलेले. बाईंनी विचारलं, "ताई, आम्ही कधी नव्हतोच का?"

मी ऐंशी वर्षांपूर्वीचा नकाशा काढला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. तपकिरी रेषांचे डोंगर, हिरवं रान, आणि नदीच्या वळणावर काळे ठिपके. आम्ही दोघींनी मोजले. त्रेचाळीस घरं, एक विहीर. एका ठिपक्यापाशी बोट नेऊन बाई म्हणाल्या, "हे आमचं."

त्याच आठवड्यात जुने नकाशे रद्दीत काढायचा हुकूम आला. तेव्हाचे आमचे साहेब म्हणजेच आजचे अध्यक्ष. नकाशे माझ्या ताब्यात, म्हणून रद्दीच्या यादीवर सही करा, तुमचं काय जातंय, असं ते म्हणाले. मी सही केली नाही. उलट बाईंचा रीतसर अर्ज घेतला, प्रत काढली, शिक्का मारला आणि त्यांच्या हातात दिली.

चौकशी झाली. मला तळघरात आवक-जावकवर बसवलं, ते आजपर्यंत. माफीच्या दोन ओळी लिहून टाक, असं घरी हे म्हणाले. तेव्हा सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "चूक नसताना कशाला लिहील ती?" विषय तिथेच मिटला.

ती प्रत न्यायालयात टिकली. धरणाची जागा बदलली. पुढच्या छपाईत ती वस्ती नकाशावर परत आली, आणि आता तिथे एकसष्ट घरं आहेत.

अध्यक्ष महोदय, माझ्या मनात राग नव्हता असं म्हणणं शोभून दिसलं असतं. पण होता. थोडा अजून आहे. तरीही आपण आलात, हे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपणा सर्वांचेही.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. मात्र चौकशीच्या उत्तरात मी एकच वाक्य लिहिलं होतं: 'जे होतं, ते दाखवलं.' त्यातला काना-मात्राही मी मागे घेत नाही.