उरलेल्या गोळ्या

नाही मास्टर, परत नाही घेता येत — राहू दे, ठेवा त्या टेबलावर, पण मी काही त्या कपाटात टाकणार नाही. दुसऱ्या कुणा गरिबाला उपयोगी पडतील म्हणून आणल्यात, कळलं मला. मनाने चांगले आहात तुम्ही, आणि तीच तर पंचाईत आहे — इतर लोक गोळ्या गटारात फेकतात आणि मोकळे होतात, तुमच्यासारखे लोक त्या नीट पिशवीत घालून परत आणतात आणि वर आभार मानतात. बसा. त्या खुर्चीवर नको, इकडे खिडकीपाशी — वारं माझ्याकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून बाहेर गेलं पाहिजे, म्हणून टेबल असं तिरकं लावलंय, नाहीतर मला काय हौस आहे. आणि तो मास्क नाकावर घ्या. हनुवटीला नसतो क्षय.

खोकला थांबलाय, ताप नाही, वजन वाढलंय — काट्यावर उभे राहिलात तेव्हाच पाहिलं, पँट पण कमरेत सैल करून घेतलेली दिसतेय, घरचाच शिंपी म्हटल्यावर काय. छान. सगळं छान आहे. म्हणून दोन आठवड्यांपासून गोळ्या बंद. आणि मग प्रार्थनासभेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलंत की देवाने बरं केलं. हो ना? अहो, तुमच्या तोंडून ऐकायची गरज नाही मला, मी हे ऐकलंय आधी, अगदी याच शब्दांत. नाही, रागावले नाहीये. रागवायला अंगात जोर लागतो, तो सकाळच्या रांगेतच संपला.

देवानेच बरं केलं, मी कुठे नाही म्हणते? मी रोज सकाळी हे कपाट उघडायच्या आधी डोळे मिटून उभी राहते, त्याला सांगते की आज जेवढे येतील तेवढ्यांना लागू पडू दे — डॉक्टर येता-जाता बघतात, एकदा म्हणाले, बाई, माझं पण नाव घ्या त्यात. तर देव आहेच. पण त्याने बरं करायला सुरुवात केली आणि तुम्ही मधूनच उठून आलात. आता हे बघा — कोट अर्धा शिवून झालाय, बाह्या नुसत्या टाचलेल्या आहेत, आणि गिऱ्हाईक घालून बघतं आणि म्हणतं, मस्त बसला की, चला, घेऊन जातो. द्याल? नाही देणार. दुकानाचं नाव खराब होईल म्हणाल. मग?

दादा असं म्हणतात, दादा तसं म्हणतात — मला नका सांगू दादा काय म्हणतात. तुम्ही सगळे त्याला दादा म्हणायला लागलात त्याच्या कितीतरी आधीपासून मी म्हणतेय, पाठची बहीण आहे मी त्याची. त्याचं ते प्रवचन मला पाठ आहे. देवाने ज्या दिवशी जे घडवलं ते आजही तसंच आहे, त्यात तसूभर बदल नाही, माणूस माणूसच होता आणि किडा किडाच, आणि जो कोणी म्हणतो की एकातून दुसरं झालं, हळूहळू बदलत गेलं, तो देवाला कामावरून काढून टाकतो — इथे सगळे हसतात, हो ना? छान बोलतो. आवाजच तसा आहे, लहानपणी घरात हाक मारली तरी शेजारी ओ द्यायचे. आता बाहेरगावी आहे तो. हो, प्रवचनांनाच. सभेत सांगितलंय ना तुम्हाला, मग तसंच.

पण मास्टर, तुमच्या छातीतले जंतू काही सभेला येत नाहीत. त्यांना कोण सांगणार की बदलायचं नाही म्हणून? ऐका, सोपं आहे. दुकानात उंदीर झालेत समजा, तुम्ही पिंजरा लावला, रोज लावला, उंदीर कमी कमी होत गेले, तुम्हाला वाटलं गेले, आणि तुम्ही पिंजरा माळ्यावर टाकला. आता उरलेत कोण? जे पिंजऱ्याकडे फिरकतच नाहीत ते. हुशार म्हणून नाही हो, जन्मालाच जरा वेगळे आलेत एवढंच. मग पिल्लं कुणाची होणार? त्यांचीच. वर्षभराने दुकान पुन्हा उंदरांनी भरतं, आणि आता एकही तुमच्या पिंजऱ्यात जात नाही. बस, एवढंच आहे ते. ज्याला दादा थोतांड म्हणतो ते हेच — फक्त तो माकड आणि माणूस धरून बसलाय, त्याला लाखो वर्षं लागली, ती कोण बघून आलंय म्हणतो. इथे तर माणसाच्या एका फुफ्फुसात होतं, वर्ष-दीड वर्षात, आणि प्रयोगशाळेतून कागद येतो की हे औषध आता लागू नाही, तेही लागू नाही. तो कागद हातात धरून मी सांगते लोकांना. मी कशी म्हणू की काही बदलत नाही?

तुम्ही विचारणार, मग ताई, तुम्ही देवाला मानता कशा. सगळे हेच विचारतात. मानते कशी काय, मानते. दोन्ही मानते. एका स्वयंपाकघरात दोन जावा असतात ना, तशा त्या दोन गोष्टी आहेत डोक्यात — धुसफूस चालते, एखाद्या दिवशी बोलणं बंद असतं, पण म्हणून कुणी घर सोडून गेलेली नाही. दादाला मी म्हणायचे, अरे, देवाने जग एकदाच करून हात धुवून टाकले असं का धरून चालतोस, तो अजून करतोय असं समज ना. तो ताटावरून उठून जायचा. वहिनी म्हणायच्या, वन्सं, जेवताना नको. मग आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. किती वर्षं असं चाललं. आणि आता तोच मला म्हणतो, तुझंच बरोबर होतं — काल डबा घेऊन गेले तेव्हाही तेच, भिंतीकडे तोंड करून, तुझंच बरोबर —

हं. बोलून गेले. काल.

नाही, बाहेरगावी नाही तो. इथेच आहे. मागची इमारत, वरचा मजला, नेहमीची औषधं लागू न पडणाऱ्यांचा वॉर्ड. बरेच महिने झाले. बसा मास्टर, उठू नका, भेटता येणार नाही. — तीन महिने घेतल्या होत्या गोळ्या, माझ्याच हातून, याच टेबलावर. मग बरं वाटलं, मग गोळ्या सोडून सभेत साक्ष दिली की देवाने बरं केलं, तीच साक्ष जी अजून तुम्ही फोनवर एकमेकांना पाठवता, सभेत लावता — तीच ऐकून आलात ना तुम्ही? वाटलंच. त्यानंतर वर्षभर ठीक होता. मग परत सुरू झालं, आणि आता नेहमीचं काही चालत नाही, जी औषधं चालतात त्यांनी कातडी काळवंडलीये, पाय बधिर झालेत, बायको दाराशी उभी राहिली तर हात करून जा म्हणतो. लोकांना कळू देऊ नकोस म्हणाला, त्यांची श्रद्धा जाईल. मी म्हटलं बरं. मला वाटलं, आजारी माणसाचं मन मोडू नये.

आणि गंमत बघा, श्रद्धा गेली ती त्याचीच. मी त्याला तो कागद दाखवला, उंदरांचं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. ऐकून घेतलं सगळं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं पुरतं ऐकलं त्याने. मग म्हणाला, म्हणजे देव अजून करतोय म्हणतेस ना, मग हा जंतूही त्यानेच केला, माझ्यात बसून? मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून तो प्रार्थना करत नाही. मी करते, खोलीत उभी राहून, मोठ्याने, त्याच्या वाटची. एवढी वर्षं भांडले, आणि जिंकले तर हे असं. तो परत माझ्याशी भांडला तर या वेळी मीच ताटावरून उठून जाईन, खरंच, एक शब्द बोलणार नाही.

तर डॉक्टरांनी तुमचे कागद बघितलेत. गोळ्या आजपासून परत चालू, आणि बेडक्यासाठी ही डबी घ्या — उद्या सकाळी उठल्या उठल्या, खोल खोकून, नुसती लाळ नको. त्यात काय निघेल मला ठाऊक नाही. मुलगी बसते ना तुमच्या शेजारी काजं-बटणं करायला? मग तिलाही घेऊन या तपासायला. रिपोर्ट येईपर्यंत प्रार्थना करा, मीही करीन, पण गोळी गिळून. पाणी तिकडे आहे. घ्या. माझ्यासमोरच घ्यायची, ते कामच आहे माझं.

परवा त्याने विचारलं, माझं ऐकून कुणी औषध सोडलं का गं? मी म्हटलं, नाही रे, कुणी नाही. नुकतीच प्रार्थना करून डोळे उघडले होते, आणि तोंडातून पहिलं निघालं ते खोटं. कारण त्याच्या शेजारच्या खोलीत एक बाई आहे, तुमच्याच सभेतली, मागच्या रांगेत बसायची, तुम्ही ओळखत असाल. भिंत पातळ आहे. रात्रंदिवस खोकते. तो विचारतो, कोण आहे गं पलीकडे, फार त्रास होतोय बिचारीला. मी म्हणते, तुझ्या ओळखीची नाही.

गिळलीत? तोंड उघडा. जीभ वर. बरं.

हे सभेत कुणाला सांगू नका, असं म्हणणार होते. नाही म्हणत. जा आता, रांग थांबलीये.