सोयाबीन निघालं लातूरला

औशाच्या स्टँडात ऐकलं ते सांगतो. तिखटमीठ थोडं माझं. गुणाबाई मांडीवर मुळासकट उपटलेलं सोयाबीन घेऊन बसलेली, शेजारी घड्याळवाले सरदारभाई.

"झाड घेऊन कुठं, बाई?"

"लातूरला, फोटो काढाया. पिकाची नोंद मोबाइलात आजच करायची हाय, न्हाईतर सातबाऱ्यावर पिकाची जागा कोरी राहती. मोबाइल माझ्या लेकीकडं, आरतीकडं, अन् ती तिथं लातुरात शिकवणीला."

"अवो, शेतातच उभं राहून काढावा लागतो फोटो! आमच्या पोरानं, यासेरनं, गच्चीवर कुंडीत तूर लावून फोटो काढाया बघितला. मोबाइल म्हणला, शेत चार कोस लांब हाय, चालायला लागा."

"मग पोरीलाच यावं लागंल की! पर तिच्या सरांनी पोळ्यालाबी सोडलं न्हाई."

"सणाला न्हाई सोडत. शेताच्या कामाला कोण अडवतंय? घ्या माझा फोन. बटनाचा हाय, बोलायपुरता."

"हॅलो, आरते! मोबाइल घेऊन निघ. सरांना सांग, सोयाबीन बोलवायलंय... काय? फोटोला किती येळ लागतो? एक घडी लागती गं. पर सरांना शेतातलं काय कळतंय? चार दिस सांग! मी घरी जाऊन पुरणाला डाळ टाकते."