गप्प झालेला खुबा

अक्का : ‘आवाज थांबला, तर सगळ्यांत आधी मला तार करा.’ मद्रासच्या डॉक्टरांनी जिन्यापर्यंत येऊन सांगितलं होतं, गुंडो. मी हो म्हटलं होतं.

गुंडो : आणि हे तुला आज आठवलं? माझे बूट घालून झाल्यावर?

अक्का : आज. फुलवाती वळताना.

गुंडो : अक्का, ऑपरेशन करून खुब्यात बसवलेल्या त्या प्लास्टिकच्या गोळ्यानं वर्षभर कुरकुरून माझी लाज काढली. मामाच्या कावेरीच्या लग्नात मी चाललो की पंगत दाराकडे बघायची, बिजागरी कुठली वाजते म्हणून. तूच तर त्यासाठी गुरुवार धरलेस.

अक्का : एकवीस धरले होते. अकराव्यालाच गप्प झाला.

गुंडो : मग आळीभर साखर वाटलीस. राघवेंद्रस्वामींनी ऐकलं म्हणालीस. आता सांग, स्वामी मोठे की डॉक्टर?

अक्का : स्वामीच. त्याचीच भीती वाटते.

गुंडो : म्हणजे काय?

अक्का : आवाज थांबवा, एवढंच मी मागितलं. पाय बरा करा, म्हणायचं राहिलं.

गुंडो : स्वामींना तेवढं समजत नाही होय?

अक्का : थट्टा नको रे. डॉक्टर म्हणाले होते, गोळा फिरतोय तोवर कुरकुरेल. गप्प झाला, तर तो खोबणीत अडकला आणि त्याची खुंटी हाडात हलायला लागली असं समजा. मग चालणंसुद्धा जपून. आणि तू बॉल बॅडमिंटन खेळायला निघालास.

गुंडो : मला काही होत नाही.

अक्का : डाव्या पायाची विजार जमिनीला लागते आहे.

गुंडो : शिंप्यानं चुकवली असेल.

अक्का : दिवाळीत दोन्ही पायांची सारखी होती. पाय आखूड झालाय. मीच घड्या घातल्या. सकाळी उठताना मांडी धरून बसतोस, ते मी पूजेतून बघते.

गुंडो : स्वल्प दुखतं. थंडी आहे.

अक्का : पडलास तर दुसरा गोळा बसवायला हाड उरणार नाही, असंही म्हणाले होते. आजचा दिवस तुमच्या कप्तानाला, मधुकरला, नाही म्हण. मी तार करते, उत्तर येऊ दे.

गुंडो : मधुकरनं दीड वर्ष माझी जागा कुणाला दिली नाही. पाचांच्या खेळात चौघंच उतरायचे आणि हरायचे. लोक हसायचे. गुंडो येईल, एवढंच तो सांगायचा. आज येलहंक्याचा संघ आलाय. काल मी त्याच्या हातावर हात ठेवून येतो म्हटलं, अक्का. तुझ्याच साखरेच्या जोरावर म्हटलं.

अक्का : साखर परत घेता आली असती तर घरोघर जाऊन आणली असती.

गुंडो : रडू नकोस.

अक्का : रडत नाही. वाती भिजतील.

गुंडो : तू तार कर. मी नको म्हणत नाही. पण पाच वाजता मी तिथं असणार.

अक्का : ऐकणार नाहीस.

गुंडो : मागच्या रांगेत उभा राहीन. धावणार नाही. सरी? ठीक ना?

अक्का : चेंडू तुझ्याकडे चालत येणार आहे का?

(गुंडो रॅकेट काखेत धरून उंबऱ्यापर्यंत जातो. पुढे तीन पायऱ्या. तो थांबतो.)

अक्का : काय झालं?

गुंडो : काही नाही. जरा हात दे. दुखत नाही गं, नुसता दे.