देवापुढे ठेवलेली चिठ्ठी

(मनोरजवळचा एक पाडा. दुपारचे बारा. चोवीस वर्षांची भाग्यश्री ओट्यावर बसली आहे, तिची आई बायडी आत चुलीपाशी. चिंचणीच्या आनंदीबाई अंगणात उभ्या आहेत.)

भाग्यश्री : चूक कळली म्हणून एवढ्या लांब आलात? माझा नंबर होता की तुमच्याकडे.

आनंदीबाई : होता. दोनदा लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला.

भाग्यश्री : बघितलं मी. म्हटलं, आता अजून काय बोलायचं राहिलं यांचं.

बायडी : कोण हाय गं भायेर?

भाग्यश्री : कॉम्प्युटरवाल्या आजी, आये. मंगळवारी आमच्या बोईसरच्या दुकानात बोलल्या त्या.

बायडी : मग उन्हात कशाला उभं केलंस? बोलणाऱ्याला सावली लागते.

आनंदीबाई : मी इथेच बरी आहे. भाग्यश्री, ती रॅम बरोबर होती. सहा हजार वेगाचीच होती. आधी तेवढं सांगते.

भाग्यश्री : ते मला नका सांगू. मीच दिलेली. सेटिंग कोणी चालू केलं?

आनंदीबाई : माझ्या नातीने, रूपलने. काल, तुझी चिठ्ठी वाचून.

भाग्यश्री : चिठ्ठी रविवारी दिली होती मी. तुमच्या हातात. म्हटलं होतं, घरी जोडताय तर आधी ही वाचा, मग बटण दाबा.

आनंदीबाई : म्हणाली होतीस. मी मान हलवली होती.

भाग्यश्री : मग?

आनंदीबाई : आमच्याकडे नवी वस्तू आली की तिचा कागद देवापुढे ठेवतात. हळदकुंकू वाहायचं, वर सुपारी ठेवायची. पाच दिवस हलवायचा नाही. मला वाटलं, गॅरंटीचा कागद असेल. घडीसुद्धा उघडली नाही.

भाग्यश्री : म्हणजे देवाने वाचली.

आनंदीबाई : त्याने वाचली असेल. मी काल सुपारी उचलली तेव्हा वाचली. ‘पहिल्यांदा मशीन अठ्ठेचाळीसशे दाखवील. घाबरू नका. चालू होताना डिलीट दाबा, बायोसमध्ये जाऊन मेमरीचं सेटिंग चालू करा, मग सहा हजार येतील.’ आता पाठ झाली आहे. ‘घाबरू नका’च्या खाली तू दोन रेघा ओढल्या आहेस.

भाग्यश्री : घाबरतात सगळेच. खोक्यावर एक आकडा, पडद्यावर दुसरा. ते सेटिंग चालू करेपर्यंत नवी रॅम हळूच चालते. म्हणून लिहून देते मी, नायतर कोण लिहितं.

आनंदीबाई : तू तर त्याहून महाग वस्तू नको म्हणाली होतीस. रूपल बहात्तरशेची हवी म्हणून हटून बसली होती.

भाग्यश्री : फोनवर बघून आलेली ती. मोठा आकडा म्हणजे चांगला, असं वाटतं पोरांना. तिच्या प्रोसेसरला सहा हजारच बरी. त्याच्या वर ओढलं की मशीन अडखळतं, चित्र काढताकाढता बंद पडतं. आणि रॅमच्या दोन पट्ट्या एकाच खोक्यातल्या घ्यायच्या.

आनंदीबाई : बैलांचं सांगितलंस तेव्हा. एक चपळ, एक संथ जुंपला तर औत संथाच्याच चालीने जातं.

भाग्यश्री : तुमी हसलात.

आनंदीबाई : हसले. मनात म्हटलं, ही आता मला बैल शिकवणार.

बायडी : हिने तरी कुठं बैल हाकलेत? आज्याचं ऐकून बोलते. ओट्यावर बसा तुमी. मी आले भाकर उतरवून.

आनंदीबाई : सोमवारी रूपलने सगळं जोडलं. मंगळवारी माझा पुतण्या आला, शैलेश. त्याने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, काकी, फसवलं तुला, वर लेबल एक आणि आत माल दुसरा. मी तशीच उठले आणि रिक्षा केली.

भाग्यश्री : मला एक फोन करायचा होता, आजी. मी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आनंदीबाई : हो.

भाग्यश्री : बरं, आमच्या शेठना सांगितलंत का हे?

आनंदीबाई : काल सांगितलं, फोनवर. म्हटलं, सेटिंगचा घोळ होता, मिटला.

भाग्यश्री : कोणाचा घोळ?

आनंदीबाई : ते नाही सांगितलं.

भाग्यश्री : मग शेठना काय वाटलं असेल? मी सेटिंग करायला विसरले, असंच ना?

आनंदीबाई : तसंच वाटलं असणार. तुझं विचारलं, तर म्हणाले, राहू दे तिला थोडे दिवस घरी.

भाग्यश्री : थोडे दिवस. काउंटरला माझ्या जागी आता भावेश बसतो. बुधवारी मी माझा डबा आणायला गेले, तर एक गिऱ्हाईक मला बघून त्याला म्हणतो, खोका माझ्यासमोर फोडा. तीन वर्षं मी खोके फोडलेत त्या दुकानात. असं कोणी बोललं नव्हतं.

आनंदीबाई : शेठना खरं सांगायची लाज वाटली गं.

भाग्यश्री : फोनवर वाटली. दुकानात नाय वाटली.

आनंदीबाई : नाही वाटली.

भाग्यश्री : चोर म्हणालात, त्याचं मला एवढं नाय. गिऱ्हाईक तापतं, बोलतं. त्याच्यापुढचं बोललात ते आठवतं?

आनंदीबाई : तुझ्या आईसमोर नको.

भाग्यश्री : आईनेच मला त्याचा अर्थ सांगितला. मला तर कळलंच नव्हतं. लोक हसले म्हणून कळलं, काहीतरी वाईट हाय. बोला.

आनंदीबाई : मी म्हटलं, यांची पोटली संध्याकाळी सोडूनच बघावी लागते.

बायडी : सोडायच्या तुमच्या सासूबाई. कंदील तुमी धरायच्या, वैनी.

आनंदीबाई : वैनी? तू कोण गं?

बायडी : बायडी. दिवाळी झाली की आईबा संगती चिकू काढायला यायची तुमच्या वाडीत. वाडीवरच्या सगळ्याच पोरी तुमाला बायडी होत्या, म्हणून सांगून काय समजणार?

आनंदीबाई : थांब. हिरवा परकर होता तुझा. गुडघ्यावर ठिगळ. आणि धाकटी बहीण, तानी. विहिरीजवळच्या झाडाखाली झोपलेली असायची.

बायडी : तानी गेली, लय वर्षं झाली. परकर आठवतो, मग चिकूपण आठवत असतील.

भाग्यश्री : कसले चिकू?

बायडी : हिला नाय सांगितलं मी कधी. सांगा तुमी.

आनंदीबाई : तानीला ताप होता. ही दिवसभर तिच्याकडे धावत होती. मी चार पिकलेले चिकू हिच्या पोटलीत घातले. मीच घातले, माझ्या हाताने. संध्याकाळी सगळ्या बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि सासूबाईंनी हिची पोटली सोडली.

भाग्यश्री : मग?

आनंदीबाई : हिने माझ्याकडे पाहिलं.

भाग्यश्री : आणि तुमी काय म्हणालात?

बायडी : काय नाय म्हणाल्या. कंदील तेवढा धरून राहिल्या.

आनंदीबाई : नवी सून होते मी. वर्ष झालं नव्हतं लग्नाला. सासूबाईंपुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

बायडी : हां, ते खरं हाय. मलापण कळलं नंतर. बाने मारलं मला वाटेत, मग घरी जाऊन रडला. दुसऱ्या दिवसापासून आमाला वाडीत घेतलं नाय.

आनंदीबाई : मला वाटलं होतं, तू लहान होतीस, विसरली असशील.

बायडी : तुमी कुठं विसरलात?

आनंदीबाई : त्या झाडाचे चिकू मी नंतर खाल्ले नाहीत कधी. घरात विचारायचे, तर सांगायचे, गोड लागत नाहीत.

बायडी : तुमी खाल्ले नाय त्याचं मी काय करू, वैनी?

आनंदीबाई : काही नाही. बरोबर आहे तुझं.

बायडी : माझं राहू द्या. तेव्हा सासूबाई होत्या. मंगळवारी कोण होतं?

आनंदीबाई : कोणी नव्हतं. ते माझ्याच तोंडातून आलं. बायडी, मी तुझी...

बायडी : माझ्या पाया नका पडू. शेजारपाजार बघतंय, उगाच मलाच लाजल्यासारखं होईल. माझे चार चिकू होते, गेले. पोरीचं नाव जायला नको. आयटीआयला ही रोज पहाटे चालत जायची नाक्यापर्यंत.

आनंदीबाई : मी शेठना पुन्हा फोन करते. आत्ताच करते, तुमच्या समोर. सगळं सांगते.

भाग्यश्री : फोन नको. तुमी मंगळवारी फोनवर नव्हता बोललात.

आनंदीबाई : मग?

भाग्यश्री : कारखान्यांची तीनची पाळी सुटली की साडेतीनला दुकान भरतं. तुमी आलात तेव्हापण तीच वेळ होती. तीच माणसं येतात चार्जर, रिचार्ज, काय काय घ्यायला. त्यांच्यासमोर बोला.

आनंदीबाई : एवढ्या लोकांत?

भाग्यश्री : तेव्हा मोजले नाय ना तुमी?

आनंदीबाई : काय बोलू?

भाग्यश्री : चिठ्ठी दिली होती, मी वाचली नाय, म्हणा. पोटलीचं बोलले ते खोटं होतं, म्हणा. नुसतं सेटिंगचं बोलून येऊ नका. सेटिंगचं कोणाच्या ध्यानात नाय. आणि हिंदीतपण बोला. अर्धे लोक यूपी-बिहारचे हायेत.

आनंदीबाई : माझं हिंदी फार कच्चं आहे गं.

भाग्यश्री : चोर म्हणताना बरं होतं.

आनंदीबाई : तू चल ना बरोबर. तू शेजारी असलीस म्हणजे मला धीर येईल.

भाग्यश्री : धीर तुमाला येईल. माझ्याकडे परत सगळे वळून बघतील. मी नाय येणार.

आनंदीबाई : मग मी बोलले की नाही, तुला कसं कळणार?

भाग्यश्री : भावेश फोन करेल. त्याला काउंटरवर बसायला आवडत नाय, रॅम आणि प्रोसेसर एकच समजतो तो. तुमी बोललात तर चारच्या आत फोन येईल.

आनंदीबाई : आणि नाही बोलले तर?

भाग्यश्री : तर नाय येणार.

आनंदीबाई : किती वाजले?

भाग्यश्री : पावणेएक. नाक्यावर दीडची बस हाय बोईसरची.

आनंदीबाई : निघते मग. ती चुकली तर मी सबब शोधीन.

बायडी : वैनी, बोईसरला उतरलात की तुमच्या चिंचणीच्या रिक्षा समोरच लागलेल्या असतात. ते लोक हाक मारतात. तिकडं बघू नका.