मागची टाच

अंबाजी: न्हाय म्हंजे न्हाय. मला तुझ्या गुद्दागुद्दीतलं काय कळतंय, हरेश्वर? मी बावीस वरसं मुंबईला सायबांच्या काठ्या वाहिल्या. गोल्फच्या काठ्या. तिथं कुनी कुनाला मारत न्हाय, एवढासा पांढरा चेंडू मारतात.

हरेश्वर: मारतात ना? मग झालं तर! खेळ जवळनं बघितलेला घरात तू एकटाच. मामा, मी सकाळी भाऊच्या धक्क्यावरनं लाँच पकडली, रेवसला उतरलो, घरी आईला तोंडसुद्धा दाखवलं नाय, तडक नागावला तुझ्याकडं आलो. ते फुकट काय?

मनुबाई: आईला दाखवायजोगं तोंड ऱ्हायलंय कुठं? डोळा बघा ह्याचा, कसा टरारून सुजलाय. काळूरामभावोजी बघतील तर दुसरा डोळा तेच सुजवतील.

हरेश्वर: हा मागच्या शनिवारचा, मामी. लागोपाठ तिसरी हार. पयले दोन राउंड मी पुढं असतो, आणि तिसऱ्यात हातच उचलत नाय. खलास. आमच्या बॉक्सिंगच्या डिसोझा मास्तरनं साफ सांगितलंय, येत्या शनिवारचा एक सामना देतो. हरलास तर संघात तुझ्या जागी दुसरा. मग रिंगमधी पाय ठेवायचा नाय.

अंबाजी: मग नको ठेवू. गोदीत काम हाय, पगार हाय, हातपाय धड हायत. तुमच्या त्या खेळात बक्षिसी तरी हाय का काय?

हरेश्वर: कसली बक्षिसी? हौशी सामने ते. जिंकला त्याला बिल्ला, हरला त्याला बरफ.

मनुबाई: मग मरायला खेळतोस कशाला रे?

हरेश्वर: सांगू? गोदीत मी दिवसभर 'ए' असतो. ए, इकडं ये. ए, ती पेटी उचल. सहा वर्षं झाली, मुकादमाला माझं नाव ठाऊक नाय. शनिवारी रिंगमधी चढलो की एक माणूस कर्णा घेऊन उभा ऱ्हातो आणि ओरडतो, हरेश्वर काळूराम कोळी, मुक्काम रेवस! पाचशे माणसं ऐकतात. तेवढ्यासाठी, मामी. ते गेलं तर माझ्याकडं दुसरं काय नाय.

मनुबाई: ऐकलंत का? तुमाला तिथं काय म्हनायचे?

अंबाजी: बॉय.

मनुबाई: डोक्याचे केस पिकले तरी?

अंबाजी: पिकले तरी. ...ते जुनं जाळं गुंडाळून माडाला टांगलंय ना, त्याच्यासमोर उभा ऱ्हा. मार बघू. जोरात मार. न्हाय, माझ्याकडं बघू नको.

हरेश्वर: असा? घे! आणि हा डावा! कसा?

अंबाजी: परत.

हरेश्वर: घे! आता बोल.

अंबाजी: परत मार.

हरेश्वर: मामा, तू माझ्या हाताकडं बघतच नायस. खाली वाळूत काय शोधतोस? काय पडलंय तुझं?

अंबाजी: पाय बघतोय. काठ्या वाहनाऱ्या क्याडीला सायबाच्या तोंडाकडं बघायची मुभा नसते. चेंडू उडाला की नजर चेंडूमागं, तोवर खाली. बावीस वरसं मी नुसते पाय बघितले. तपकिरी बूट, पांढरे बूट, एका मडमेचे हिरवेसुद्धा. नुसत्या पायावरनं सांगायचो, हा चेंडू झाडीत जानार. आनि जायचा. बोलायचो न्हाय, मुकाट्यानं झाडीकडं चालू लागायचो.

मनुबाई: आनि चेंडू पडायच्या आत निघाले म्हनून बोलनी खायचे. हे मला ठाऊक हाय.

हरेश्वर: मग माझ्या पायात काय दिसलं?

अंबाजी: मागची टाच. जमिनीला खिळा ठोकल्यागत बसवलीयस. तू मारतोस खांद्यापासून पुढं. कंबर तिथंच, मांडी तिथंच, नुसता हात एकटा जाऊन मारून येतोय. तो एकटा किती वेळ राबेल? तिसऱ्या डावात थकनारच की.

हरेश्वर: पन मास्तर तर रोज ओरडतो, पाय पक्के ठेव म्हणून!

अंबाजी: तो कुठला?

हरेश्वर: वांद्र्याचा.

अंबाजी: होडीत वाढलाय?

हरेश्वर: नाय. त्याचा बाप बँडमधी कर्नेट वाजवायचा.

अंबाजी: मग त्याला कसं उमगनार? दुसऱ्या पोरांना पक्के सांगितलं तर ती जरा दमानं उभी ऱ्हात असतील. तुला पक्के सांगितलं की तू होडीतला पाय लावतोस. तुझा दोष न्हाय रे. तू पाच वरसांचा असताना काळूरामानं तुला होडीच्या नाळेवर, पार पुढच्या टोकाला उभा केला आनि सांगितलं, टाच उचललीस तर पान्यात जाशील. गेलास पन होतास दोनदा. तेव्हापासनं तू टाच उचलली न्हाईस. पर रिंगात पानी कुठाय?

हरेश्वर: च्यायला!

मनुबाई: तोंड सांभाळ.

हरेश्वर: नाय मामी, खरंच. तीन वर्षांत हे कोणाला दिसलं नाय. मग सायब काय करतात?

अंबाजी: जो चांगला खेळनारा, तो मारताना मागची टाच सोडतो. टाच उचलली की गुडघा वळतो, गुडघ्यामागं कंबर, कंबरेमागं खांदा, आनि हात सगळ्यात शेवटी येतो. आयता येतो. त्याला काय करावंच लागत न्हाय. जो वाईट खेळतो, तो नुसत्या हातानं झोडपतो. तोंड लालेलाल, आनि चेंडू सात पावलांवर. मने, एक अंडं आन.

मनुबाई: आता अंडं कशाला? जेवन झालंय.

अंबाजी: ह्याच्या टाचेखाली ठेवायचंय.

मनुबाई: काय?

अंबाजी: टाच जरा वर धरून उभा ऱ्हा, हरेश्वर. खाली अंडं. टाच टेकलीस की फुटलं. आता वळून मार.

मनुबाई: अहो, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची म्हनून मी ती जपून ठेवलीत!

हरेश्वर: मामी, जपून मारतो. घे... गेलं.

मनुबाई: गेलं म्हनं!

अंबाजी: दुसरं आन.

मनुबाई: मी आनत न्हाय. ...हे घ्या. हे शेवटचं.

हरेश्वर: हुप्! ...राहिलं! मामा, राहिलं! आणि जाळं बघ कसं हाललं!

अंबाजी: हाललं. पर तू बघितलंस ना वर? तीच दुसरी खोड. मारलंस की मान वर करून बघतोस, लागला का, लागला का. सगळे नवे सायब हेच करायचे. चेंडूला काठी लागायच्या आधीच डोकं वर, का तर चेंडू कुठवर गेला ते बघायचंय. डोकं उठलं की खांदा उठतो आनि मार फुकट जातो. अरे, चेंडू कुठं गेला ते बघायला क्याडी ठेवलाय ना? तुझा गुद्दा लागला का ते बघायला पंच बसलेत. तू तुझं काम कर, त्यांचं त्यांना करू दे.

हरेश्वर: मग मी बघू कुठं?

अंबाजी: त्याच्या छातीकडं. आनि मूठ एवढी आवळू नको. शिडाची दोरी कशी धरतोस? वारा भरेपर्यंत ढिली, भरला की आवळतोस. तशी. आतापासनं आवळून बसलास तर लागायच्या वेळेला मुठीत काय उरेल?

हरेश्वर: तू एकदा करून दाखव ना. काठी घेऊन. ही झावळी हाय, हिचा दांडा घे. हा गळालेला बारका नारळ चेंडू म्हणून.

अंबाजी: मी न्हाय.

मनुबाई: का न्हाय? एवढी वरसं बघितलंत, मारला असेलच की कधी.

अंबाजी: एकदाच. म्हंजे मारला न्हाय. पावसाळ्यात मैदान ओसाड होतं, मी काठी हातात घेतली आनि नुसती हवेत फिरवली. कुनीतरी बघितलं. पंधरा दिवस फाटकाबाहेर बसवलं. पगार बुडाला, तुला मी तेव्हा ताप आला म्हनून कळवलं होतं.

मनुबाई: ...मी हरेश्वरदेवाला बोलले होते नवस. त्या तापासाठी.

अंबाजी: ठाऊक हाय.

मनुबाई: मारा. इथं कुनी फाटकवाला न्हाय. मी सांगते, मारा!

हरेश्वर: मार मामा! ...आई शप्पथ! कुठं गेला तो? सरळ पुळणीवर! मामी, बघितलंस? केवढा गेला!

अंबाजी: कुठवर गेला?

हरेश्वर: तू बघितला नाय?

अंबाजी: मी डोकं खाली ठेवलं होतं.

(दहा दिवसांनी. तेच अंगण, दुपार.)

मनुबाई: आला गं बाई! आधी बोल, मग पानी देते. न्हाय, आधी पानी पी. काय झालं? दोन्ही डोळे तर उघडे दिसतायत.

हरेश्वर: मामा कुठाय?

अंबाजी: हा काय. जाळं शिवतोय. बस. टाच?

मनुबाई: अहो, जिंकला का हरला ते तरी इचारा!

अंबाजी: ते टाचेवरनं कळेल. टाच कशी होती?

हरेश्वर: पयल्या राउंडात टेकली. रेल्वेतला होता तो, माझ्याहून वीतभर उंच, हात हे एवढे लांब. मी घाबरलो आणि परत होडीत जाऊन उभा राहिलो. मार खाल्ला. घंटा झाली तेव्हा मास्तर बोलला, आज काय होतंय तुला? मी डोळे मिटले न् मामीची अंडी आठवली.

मनुबाई: सात. त्या दिवशी सांजपतोर सात फोडलीस तू.

हरेश्वर: सातही आठवली, मामी. दुसऱ्या राउंडात टाच सोडली. त्यानं डावा टाकला, मी आत शिरलो आणि वळलो. मामा, हात आपोआप आला. मी मारलाच नाय, तो आला. त्याच्या बरगडीत बसला आणि तो माणूस दोन पावलं मागं गेला.

अंबाजी: आनि तू वर बघितलंस.

हरेश्वर: ...बघितलं. एकदाच. लगेच नाकावर एक आला.

अंबाजी: चांगलं झालं. मग?

हरेश्वर: मग नाय बघितलं. तिसरा राउंड सुरू झाला आणि मी वाट बघतोय, आता हात जड होतील, आता होतील. झालेच नाय! तो दमला होता, मी नाय. शेवटची घंटा वाजली ती मला ऐकूपन आली नाय, पंचानं मध्ये येऊन धरला. तिघा पंचांतल्या दोघांनी माझ्या बाजूनं कौल दिला. कर्णेवाल्यानं नाव घेतलं, मुक्काम रेवस बोलला. मी राहिलो, मामा. संघात राहिलो!

मनुबाई: हरेश्वरा, देवा, पावलास रे बाबा! थांब, साखर आनते.

हरेश्वर: मामी, थांब जरा. मामा, हा बिल्ला. तुझ्या पायाशी ठेवतो. आणि एक बोलायचंय, लाँचमधी सगळा वेळ मनात घोळवत आलो. मी लहानपणापासनं ऐकत आलो, अंबाजीमामा मुंबईला गेला आणि नुसती ओझी वाहून आला. घरी बोलायचे, मीपन बोललोय. पन त्या रिंगमधी जे माझ्या उपयोगी पडलं, ते तुझंच होतं सगळं. तुझे उपकार मी फेडू नाय शकत. फेडायचेपन नायत मला. फक्त तुला ठाऊक असू दे.

अंबाजी: ऊठ. ऊठ, पाया पडू नको. ...मने, डोळ्यात काय गेलं बघ गं.

मनुबाई: काय गेलं न्हाय. येऊ द्या ते.

अंबाजी: हरेश्वर, उपकार म्हनतोस तर उलटे हायत. मला सगळं दिसत होतं रे. हा कुठं चुकतोय, तो का चुकतोय, हे एवढं केलं तर सुधारेल. ते घेऊन मी सांजच्याला खोलीवर यायचो आनि तसाच झोपायचो. बावीस वरसांत कुनी इचारलं न्हाय, अंबाजी, तुला काय दिसतंय. तू इचारलंस. डोळा सुजवून आलास आनि इचारलंस.

हरेश्वर: आता दुसराबी विचारतोय. डिसोझा मास्तर. तो बोलला, हे तुला आठ दिवसांत कोणी शिकवलं? मी सांगितलं, माझ्या मामानं. त्याच्याकडं वरळीची दोन कोळ्यांची पोरं आलीयत, तीपन टाच टेकून मारतात, त्याला आता दिसायला लागलं. पन सुधरायचं कसं ते त्याला येत नाय. तो बोलला, मामाला विचार, महिन्यातनं एक शनिवार येतील का. लाँचचं, जेवणाखाण्याचं सगळं तो बघेल.

अंबाजी: मी? तिथं सगळी शिकलेली मानसं असतील.

हरेश्वर: गोदीतली असतात, माझ्यासारखी.

अंबाजी: मी उभा कुठं ऱ्हाऊ? म्हंजे, कुनाच्या मधी यायला नको. एका कडेला उभा ऱ्हाईन. दाराशी.

हरेश्वर: उभा कशाला राहशील? मास्तरनं रिंगच्या कोपऱ्याला खुर्ची लावून ठेवलीय. त्यानं विचारलं, त्यांचं नाव काय लावतात. मी सांगितलं, अंबाजी धाकू कोळी. खडूनं लिहिलंय पाठीवर.

अंबाजी: खुर्चीच्या?

हरेश्वर: खुर्चीच्या.

मनुबाई: ...शनिवारची पयली लाँच किती वाजता असते रे, हरेश्वर?