कुलूप मात्र जागच्या जागी

...नाही, तुम्ही मला एवढंच सांगा, कुलूप तुटलं का? नाही तुटलं. उघडलं का? तेही नाही. सात लिव्हरचं कुलूप, माझ्या हाताने बसवलेलं, अस्वल निघून गेल्यावर मी स्वतः किल्ली लावून बघितलं, नुकतंच तेल घातल्यासारखी फिरली किल्ली! मग माझ्याकडे असं का बघताय? आमची ही पण असंच बघत होती. शेजारचे कंडक्टरही असंच. अहो, अडतीस वर्षं कुलपांचं दुकान चालवलं मी, बसस्टँडच्या समोर, बँकेची तिजोरी अडकली की मला बोलावणं, नवरा-बायको भांडून एकमेकांना कोंडून बसले की मला बोलावणं, अर्ध्या गावाची झोप माझ्या कुलपांवर... आणि आता तेच गाव दूध आणायला गेलं की विचारतं, 'काय कुलूपवाले, कोंबड्या किती उरल्या?' अस्वलाला कुणी काही विचारत नाही.

तुम्हाला सांगतो, कोंबड्या पाळायच्या हे माझं डोकं नव्हे. लेक लग्न करून गेली, ती विमानाने अकरा तास लांब, आणि घर एकदम गप्प झालं. घर म्हणजे आमची ही. सकाळी 'चहा झालाय', दुपारी 'ताट वाढलंय', संध्याकाळी 'दार लावून घ्या'. तीन वाक्यांत दिवस संपायचा. मीही काही फार बोलघेवडा नाही, त्यात किल्ल्या घासायच्या मशीनने एक कान गेलेला, दुसरा जायच्या तयारीत. मग एक दिवस ही बाजारातून पाटी घेऊन आली, पाटीवर फडकं, फडक्याखाली नऊ तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या. मी म्हटलं, 'हे काय?' म्हणाली, 'सोबत.' म्हटलं, 'मी आहे की.' तर माझ्याकडे बघून म्हणाली, 'हो, आहात.' 

आणि नावं काय ठेवली असतील? आत्याबाई, थोरल्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई, तिघी नणंदा, मामेसासूबाई, चुलतसासूबाई, आणि नववी माझी मानलेली बहीण. सगळी माझ्या बाजूची माणसं! हिच्या बहिणीच्या नावाची एकही कोंबडी नाही. विचारलं, तर म्हणाली, 'ती कशाला कोंबडी होईल?' आणि मग सुरू झालं. सकाळी दाणे टाकायला गेली की, 'थोरल्या जाऊबाई, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालायची सवय अजून गेली नाही का तुमची?' 'आत्याबाई, बसा जरा, सगळ्यांच्या आधी तुम्हालाच लागतं, कायमचंच आहे ते.' 'मामेसासूबाई, अंडं एक आणि गाजावाजा गावभर.' तीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि मी मागच्या खिडकीत बसून ऐकत होतो, चालत्या कानाने. वाईट वाटायला हवं होतं, माझीच माणसं होती. पण तुम्हाला सांगतो, मला बरं वाटायचं. घरात पुन्हा कुणीतरी बोलत होतं, हसत होतं, कधीकधी तर दाणे टाकून झाल्यावर आत येऊन मलाही दोन वाक्यं जास्तीची मिळायची.

एक दिवस म्हणाली, 'अहो, मागे जंगल आहे, नीट बंदोबस्त करा.' मी म्हटलं, 'तू कुणाला सांगतेयस?' शब्द दिला मी तिला. नुसता शब्द नाही, कुलूप दिलं! लाकडी खुराडं बांधून घेतलं, दाराला आडवी पट्टी, पट्टीला कोयंडा, कोयंड्याला सात लिव्हरचं कुलूप. म्हटलं, आता चोर येऊ दे, चोराचा बाप येऊ दे.

चोराचा बापच आला. भरदिवसा, चार वाजता! आम्ही जेवून आडवे झालेलो, तर मागे फळी मोडल्याचा आवाज, इतका मोठा की मलासुद्धा ऐकू आला. खिडकीतून बघतो तर अस्वल. अस्वल म्हणजे माझ्या डोक्यात सर्कशीतलं, सायकलवर बसणारं. हे कपाटाएवढं! आणि तुम्हाला सांगतो, दाराकडे ते आलंच नाही. ज्या बाजूला कुलूप, त्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही त्याने. मागे गेलं, फळीत नखं घातली आणि शेंग सोलावी तशी भिंत सोलली. थोरल्या जाऊबाई आणि मधली नणंद गेल्या. मी धावत गेलो, बघतो तर मागून सगळं आरपार, आत कोंबड्यांची पिसं, आणि पुढे कुलूप मात्र जागच्या जागी.

त्या संध्याकाळी हिने लेकीला फोन लावला आणि रडत रडत म्हणाली, 'थोरल्या जाऊबाई गेल्या गं, अस्वलाने नेल्या.' तिकडे लेकीने हंबरडा फोडला. तिला समजावण्यात माझा अर्धा तास गेला, आणि थोरल्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की घरात नक्की काय चाललंय, त्यात पाऊण.

मग आले कंडक्टर. शेजारीच राहतात, नोकरी सुटली पण शिट्टी घरी घेऊन आले. म्हणाले, 'कुलूपवाले, जनावर आवाजाला घाबरतं, माझ्यावर सोडा.' मी एकीकडे मिस्त्री बोलावला, लाकूड गेलं, लोखंडी जाळी आली, वर पत्रा आला, आणि एकाऐवजी दोन कुलपं. ही म्हणाली, 'अहो, ते दाराने येतच नाही.' मी म्हटलं, 'म्हणूनच! पहिल्या कुलपाला घाबरलं ते.' ती दाणे टाकायला गेली आणि आत्याबाईंना म्हणाली, 'तुमच्या भाच्याला सांगा काहीतरी.'

आठव्या दिवशी, चार वाजता, अस्वल हजर. कंडक्टर कुंपणापाशी उभे, गाल फुगवून अशी शिट्टी मारली की झाडावरचे पक्षी उडाले. अस्वलाने मान वळवून पाहिलं. कंडक्टरांच्या तोंडून सवयीने निघालं, 'चला, पुढे चला, पुढे बरीच जागा आहे!' आणि ते चाललं हो पुढे! सरळ खुराड्यावर चढलं, पत्र्यावर बसलं. नुसतं बसलं, बाकी काही केलं नाही. पत्रा खाली, जाळी आडवी, धाकटी नणंद, चुलतसासूबाई आणि मानलेली बहीण गेल्या. कंडक्टर घरात जाऊन शिट्टी कपाटात ठेवून आले. मी जाऊन बघितलं, दोन कुलपं, दोन्ही जागच्या जागी. हिने माझ्याकडे बघितलं, मी कुलपांकडे बघितलं.

आता उरल्या चार. हिचा आवाज बसला होता, दाणे टाकताना नावं घ्यायची नाही, नुसतं 'या, या' म्हणायची. मला ते बघवेना. गेलो वनखात्यात. तिथले साहेब आले, तरुण माणूस, लेकीच्या वयाचा, बोलणं मऊ. सगळीकडे फिरून, वाकून, पंजांचे ठसे बघून म्हणाले, 'काका, अस्वल फार हुशार प्राणी आहे.' म्हणजे मी नाही! म्हणाले, 'काका, कुलूप माणसाला थांबवतं, कारण माणूस दाराने येतो.' अडतीस वर्षांच्या धंद्यावर एका वाक्यात पाणी फिरवलं पोराने.

मग म्हणाले विजेचं कुंपण घाला. खुराडं पुन्हा उभं करून त्याभोवती तारा, भिंतीवर पेटी, पेटीत मशीन आणि स्विच. आणि वर सांगतात काय, 'तारेला मध लावा.' मी म्हटलं, 'साहेब, त्याला हाकलायचंय की पाहुणचार करायचाय?' तर म्हणाले, 'अंगावर केस दाट असतात काका, झटका लागत नाही. नाकाला लागायला हवा. मध चाटायला नाक लावेल, एकदा बसला की पुन्हा फिरकायचं नाही.' पटलं मला. दुसऱ्या दिवशी चार वाजता आलं, हुंगलं, जीभ बाहेर काढली, आणि काय ओरडलं तुम्हाला सांगतो! आल्या वाटेने असं पळालं की मागे वळून पाहिलं नाही. आणि ही हसली. खिडकीच्या गजाला धरून, पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, 'आत्याबाई, बघितलंत ना? भाचा कामाचा निघाला.' मला वाटलं, जिंकलो.

आता यात अडचण एकच, की अंडी काढायला आत जायचं तर स्विच बंद करायचा, बाहेर आल्यावर चालू करायचा. ही दोनदा विसरली चालू करायला. मी म्हटलं, 'अगं, एवढंसं लक्षात राहत नाही?' ती म्हणाली, 'मग तुम्हीच बघा.' म्हटलं, 'बघतोच.' म्हटलं, अंडी चार दिवस आत राहिली तरी बिघडत नाही, दाणे वरून टाकू, पण स्विचला कुणाचा हात नको. आणि पेटीला... हसू नका... पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. रोज सकाळी रबरी बूट, रबरी हातमोजे, लांब काठीला ब्रश, आणि तारेला मध लावायचा. दुसऱ्या दिवशी बघतो तर मध चाटूनपुसून साफ! म्हटलं, वा, म्हणजे रोज येतंय, रोज झटका खातंय, धडा चालू आहे. डब्यातला चांगला मध होता तो, मला खोकल्याला मागितला तर हिने दिला नव्हता.

पाचव्या दिवशी ते मध चाटून झाल्यावर तारांतून आत आलं, आणि जाळी पुन्हा आडवी.

साहेब आले. म्हणाले, 'काका, करंट चालू होता ना?' मी म्हटलं, 'प्रश्नच नाही. कुलूप आहे.' कंडक्टर उभे, ही उभी, मी ऐटीत किल्ली काढली, पेटी उघडली. स्विच बंद. कुलूप लावलं त्याच दिवशी सकाळी हिने अंडी काढायला बंद केलेला, आणि दुपारी मी वरून कुलूप ठोकलेलं, आत न बघता. कपाटाला कुलूप घालण्याआधी आत बघून घ्या, मांजर असतं, असं अडतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो! साहेब मऊ आवाजात म्हणाले, 'म्हणजे काका, तुम्ही त्याला चार दिवस जेवायला घातलंत.' मी किल्ली खिशात टाकली. म्हणाले, 'आता त्याला पत्ता पाठ झालाय. कोंबड्या इथे ठेवू नका. काही मिळालं नाही की तीन आठवड्यांत येणं बंद करेल.'

ठेवायच्या कुठल्या? एकच उरली होती. आत्याबाई. घराच्या छपरावर जाऊन बसल्या म्हणून वाचल्या. ही छपराकडे बघत होती, मग पेटीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, 'कुलूप मात्र जागच्या जागी आहे हो.' ओरडली असती तर परवडलं असतं. आणि मला, तुम्हाला सांगतो, काय सुचावं? चार माणसांत नाक कापलेलं, काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, 'अगं, जाऊ दे ना, शेवटी कोंबड्याच त्या.'

तेवढं वाक्य गिळायला हवं होतं मी. अस्वलाने आठ नेल्या, त्याने ती रडली होती, भांडली होती. या वाक्याने ती नुसती आत गेली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना पाटीत घातलं, वर फडकं घातलं, आणि बहिणीकडे निघाली. शहरात चौथा मजला, गच्ची आहे मोठी. म्हणाली, 'आत्याबाई रुळेपर्यंत राहते.' फोन करतो मी. म्हटलं, 'रुळल्या का?' म्हणाली, 'पहिल्याच दिवशी.' म्हटलं, 'मग तू?' म्हणाली, 'मी दुसऱ्या.' मागून बहीण हसल्याचा आवाज, हीही हसली, दोघींचं काहीतरी चाललं होतं, मला नीट ऐकू आलं नाही.

आणि अस्वल? येतंय की. रोज चार वाजता. रिकाम्या खुराड्याभोवती एक फेरी मारतं, आडव्या जाळीवर जरा वेळ बसतं, जातं. पहिले दोन दिवस मी दाराला कडी घालून बसलो. मग खुर्ची खिडकीत ओढली. मग चहा चारला ठेवायला लागलो, आधी साडेतीनला ठेवायचो. ते काही करत नाही हो, मी पण काही करत नाही. कंडक्टर म्हणतात, 'दोघं एका वळणाचे आहात.'

काल तीन आठवडे झाले. चार वाजले, सव्वाचार, साडेचार... आलं नाही. कंडक्टर कुंपणावरून म्हणाले, 'सुटलात, कुलूपवाले.' संध्याकाळी हिला फोन केला, म्हटलं, 'अस्वल यायचं थांबलं.' म्हणाली, 'बरं झालं. दार लावून घ्या.' फोन ठेवला तिने.

दार लावलं. पण तुम्हाला सांगतो, साडेपाचपर्यंत मी खिडकीतच होतो, त्याची वाट बघत. आता ह्याने का रुसावं? ह्याला तर मी काही बोललोही नव्हतो.